हरिणीच्या दगडाची नोंद

४ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचे असतात. मी दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. एकतीस वर्षांनी एकदम आशीर्वाद बघून तुला हसू येईल नाहीतर राग येईल, आणि मला दोन्ही नको आहे. म्हणून नुसतंच धाकट्या.

तुझा पत्ता तुझ्या वहिनीच्या शिवणाच्या डब्यात सापडला. ती जाऊन सहा वर्षं झाली. डब्यात धाकटीची आठ कार्डं होती. म्हणजे तुम्ही गेल्यावरही या दोघी जावा एकमेकींना लिहीत होत्या आणि मला त्याचा मागमूस नाही. शेवटचं कार्ड सात वर्षांपूर्वीचं आहे. तुम्ही घर बदललं असेल तर हे पत्र तिसऱ्याच कुणाच्या हाती पडेल. तसं झालं असेल तर त्या माणसाने कृपा करून इथेच थांबावं आणि पत्र परत टाकावं. मागे माझा पत्ता लिहिला आहे.

आता कामाचं. हॉस्पिटल दोन वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत गेलं. जुन्या आवारात मी आणि वायरमन, दोघेच राहतो. तोच वायरमन, तुला सुतळी म्हणायचा तो. मला बायकांच्या वॉर्डामागची खोली दिली आहे आणि ‘लक्ष ठेवा’ म्हणून सांगितलं आहे. कशावर ठेवायचं ते कुणी सांगितलं नाही. मी दिवसातून तीनदा सगळी कुलपं ओढून बघतो. वायरमन म्हणतो, कुलपं चोराने नाही, तूच ओढून ओढून तोडशील.

महिन्यापूर्वी एक मॅडम आल्या. जुने दगड आणि जुन्या इमारती यांची नोंद करतात. हातात टेप, गळ्यात कॅमेरा, पायात पुरुषी बूट. आवार विकायचं आहे, पण त्याआधी काय ठेवायचं आणि काय पाडायचं याची यादी होणार आहे. जे यादीत चढेल ते राहील. मला म्हणाल्या, काका, तुम्ही इथले जुने मिस्त्री, तुम्हाला इथला दगड न् दगड माहीत आहे असं ऐकलंय. मी म्हटलं, ऐकलंय ते बरोबर आहे. अशी संधी मला फार दिवसांत मिळाली नव्हती.

मग मी त्यांना दाखवत सुटलो. स्वयंपाकघरामागे ज्या फरशीवर भांडी घासायचे ती उलटी करून दाखवली, खाली अक्षरं. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवलेला दगड उतरवला, त्यावर कमळाची अर्धी पाकळी. मॅडम प्रत्येक दगडाला खडूने नंबर घालतात. दोनशेच्या वर गेले आहेत.

एकशे बारा नंबर हरिणीचा. बायकांच्या वॉर्डाच्या दारावरची, मान वळवून पाडसाला चाटणारी. तुझी.

मॅडम तिच्यापुढे पाऊण तास उभ्या होत्या. म्हणाल्या, तीनशे वर्षं तरी जुनी असणार. मी टेपचं टोक धरून उभा राहिलो. ती तुझ्या हातची आहे हे जगात आपल्या घरातल्या चौघांना माहीत होतं, त्यातली एक गेली. म्हणून तुला विचारतो, मी काय करू? तू राहू दे म्हणालास तर राहू देतो. कार्डावर एक ओळ टाकलीस तरी पुरे. यादी पंधरा मार्चला बंद होणार आहे. तिकीट मी जास्तीचं लावलं आहे, कमी पडलं असं व्हायला नको.

तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही, पण माझं पत्रही परत आलेलं नाही. म्हणजे त्या दारात कुणीतरी ते घेतलं. पोस्टमनला विचारलं तर म्हणाला, कधी कधी परत यायला महिना लागतो. हे त्याने नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

एक गोष्ट मागच्या पत्रात सांगितली नाही. मॅडम म्हणतात, बायकांच्या वॉर्डात जुनं म्हणून उरलंय ते एवढंच. छप्पर बदललेलं, भिंतींना गिलावा नवा, खिडक्या लोखंडी. हरिणी जुनी ठरली तर दार जुनं, दार जुनं तर वॉर्ड जुना, असं सगळं तिच्या खुरांवर उभं आहे. वॉर्ड राहिला तर त्यामागची माझी खोलीही राहते. नाही तर तिथे गाड्या लावायला जागा करणार आहेत. तेव्हा मी तुला विचारलं ते अगदी निःस्वार्थीपणे विचारलं असं समजू नकोस. गुडघे गेले आहेत. या वयात खोली शोधायची म्हणजे काय ते तूच बघ.

परवा मॅडमनी विचारलं, काका, हा दगड कधी काढला होता का? मी एकदम म्हटलं, छे. मग दिवसभर जेवण गेलं नाही. म्हणून आज ते सगळं लिहितो. तुला ठाऊकच आहे, पण मी ते कधी तोंडाने नीट म्हटलं नाही.

चौतीस वर्षांपूर्वी त्या दारावरची तुळई कुजली होती, ती बदलायला जुना हरिणीचा दगड उतरवायचा होता. त्याच्या वरच्या कडेला जुन्या गवंड्यांनी पाडलेली दोन भोकं होती. त्यात कड्या बसवायच्या, कड्या हलू नयेत म्हणून पाचरी ठोकायच्या आणि दोराने उचलायचा. मी लाकडी पाचरी ठोकल्या. तू खालून म्हणालास, दादा, लोखंडी लाव. मी म्हणालो, तू मला शिकवू नकोस. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीलासुद्धा नाही. तिला मी म्हटलं होतं, लोखंडी संपल्या होत्या.

संपल्या नव्हत्या. पिशवीत होत्या. पिशवी खाली होती आणि मला परांचीवरून उतरायचा कंटाळा आला.

दुपारी दाढ काढायला गेलो. इंजेक्शनने गुंगी आली आणि दातांच्या डॉक्टरांच्या बाकावर साडेचारपर्यंत झोपलो. तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरून वाहिली, पाणी थेट त्या पाचरींवर. पंपवाल्याला मी त्या दिवशी काय काय बोललो! पण आपले वडील खाणीत काय करायचे? भोकं पाडायची, सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, वर पाणी ओतायचं आणि घरी जाऊन जेवायचं. लाकूड फुगतं, दगड फुटतो. पाथरवटाच्या घरात जन्मून मी हे विसरलो. पंपवाल्याने फक्त पाणी ओतलं.

मी आलो तेव्हा तू खाली बसला होतास. दगडाचे तीन तुकडे झाले होते आणि तू ते जवळ जवळ ठेवून बघत होतास. मला वाटलं, तू आता बोलणार. तू एवढंच म्हणालास, “दादा, ताडपत्री सोडू नकोस. अकरा-बारा दिवस दे.”

उत्तर लिही. वाईट लिहिलंस तरी चालेल.

दादा

२२ फेब्रुवारी

धाकट्या,

मी पुन्हा तेच केलं. आधी हे सांगून टाकतो, नाहीतर दोन पानं इकडच्या तिकडच्या गोष्टींत जातील.

मंगळवारी मॅडम एक छापील कागद घेऊन आल्या. जुन्या माणसाची साक्ष लागते म्हणे. त्यांनीच लिहून आणलं होतं, की हरिणीचा दगड माझ्या वडिलांच्या वेळेपासून त्याच जागी आहे आणि मी तो लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यांनी वाचून दाखवलं. मी म्हटलं, चष्मा खोलीत राहिला. त्या म्हणाल्या, मी वाचलं ना काका, सही करा. मी सही केली. चष्मा खिशात होता.

त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, “त्या पाडसाचं तोंड बघा काका. आईची जीभ लागतेय आणि त्याला ती नकोय. असं बघणारी नजर आता कुठली?” जुन्या दगडावर पाडसाचं तोंड झिजून सपाट झालं होतं, हे त्यांना कुठून माहीत असणार? तोंड तू तुझ्या मनाने घातलंस. लोक सगळे वाखाणतात ते तेवढंच.

तो पाहुणाही तेच वाखाणत होता. हॉस्पिटलच्या वर्धापनाचा तो दिवस, तुझा दगड बसवून तीन वर्षं झाल्यावरचा, मी विसरलेलो नाही. मी विसरलो असं तुला वाटत असेल म्हणून लिहितो. मंडपात पुढे डॉक्टर, मागे नर्सेस, त्यांच्या मागे आपण. पाहुणा म्हणाला, असा हात आज जन्माला येत नाही. तू उभा राहिलास. तुझ्या अंगात नवा शर्ट होता. म्हणालास, “आलाय की साहेब. हा दगड मी घडवलाय.” आधी कुणाला कळलंच नाही. मग हसले. मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, “काय हो मिस्त्री, भाऊ काय म्हणतोय?”

मी गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. नुसतं खाली बघितलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, “सोडा साहेब, त्याचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं.”

घरी येऊन मी तुला नोकरीचं कारण दिलं, पोटाचं दिलं, जुना दगड फोडून लपवला म्हणून आपण दोघेही तुरुंगात गेलो असतो असंही म्हणालो. तुला त्यानंतर काम कोण देणार? वेड्याच्या हातात छिन्नी कोण देईल? धाकटीने महिन्याच्या आत सामान बांधलं. तू जाताना माझ्याकडे बघितलं नाहीस, आणि मी तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, डोळ्यापुढून गेला. हेही लिहून टाकतो.

तुझ्या वहिनीने त्यानंतर तुझं नाव माझ्यापुढे घेतलं नाही. मात्र वॉर्डात कामाला जाताना ती मागच्या दाराने जायची. लांब पडायचं, तरी मागच्या दाराने. मी एकदा विचारलं, पुढचं दार काय चावतं का तुला? म्हणाली, हो.

आता कागद झाला आहे, सही झाली आहे. मॅडम तो यादीबरोबर मोठ्या कार्यालयात देणार. आज मी पाच वेळा कुलपं ओढून आलो. वायरमन म्हणतो, चोरापेक्षा तुझीच भीती वाटते.

दादा

१ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मी सांगून टाकलं.

खरं तर तुझं उत्तर मला का हवं होतं, हे मला या आठवड्यात कळलं. तू ‘जाऊ दे दादा’ म्हणशील आणि मी सुटेन, असं मनात होतं. इतक्या वर्षांनी मी तुझ्याकडे मागायला आलो ते हे. तू लिहिलं नाहीस ते योग्यच केलंस. पत्र मिळालं असेल तर.

मॅडम धोबीखान्याच्या ओट्यावर बसून थर्मासमधला चहा ओतत होत्या.

“मॅडम, तो दगड जुना नाही.”

“कुठला काका?”

“हरिणीचा. चौतीस वर्षांचा आहे. माझ्या धाकट्या भावाने घडवलाय, शवागारामागच्या शेडात, अकरा दिवसांत.”

त्यांनी झाकण नीट लावलं. “गेल्या आठवड्यात तुम्हीच सही केलीत.”

“ती खोटी होती.”

“आणि हे खरं?”

मी म्हटलं, शप्पथ. चार पोरं खेळताना म्हणतात तसं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “काका, तुम्हाला इथे फार एकटं वाटतं का?”

मी पाचरींचं सांगितलं, टाकीचं सांगितलं. त्या ‘हो, हो’ म्हणत होत्या. आजाऱ्याला म्हणतात तसं. मी म्हटलं, फुटलेले तुकडे कोरड्या विहिरीत टाकले. त्यांनी विचारलं, कुठली विहीर? मी म्हटलं, पुढच्याच वर्षी बुजवली, वर आता शौचालय आहे. त्यावर त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला माझ्याबरोबर नव्या हॉस्पिटलात पाठवलं, डोकं तपासायला.

तिथला डॉक्टर पोरगेला. विचारतो, आजोबा, आज वार कोणता? मी म्हटलं, शुक्रवार, आणि तुमचं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. तो म्हणाला, मेंदू तर चांगला चालतोय. वायरमन म्हणाला, “चालतोय हो, पण भलत्याच रस्त्याने.” येताना रस्ता ओलांडत मला म्हणतो, “मिस्त्री, सुतळीचं वेड तुला एकतीस वर्षांनी लागलं होय? भावाभावांत इतक्या उशिरा लागण झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.”

आणि हसला. वाईट मनाने नाही. मंडपातले लोकही वाईट मनाने हसले नव्हते.

मी फाटकाशी थांबलो. त्याला वाटलं, माझे गुडघे दुखतात. खरं सांगतो धाकट्या, मला तेव्हा तुझा तो नवा शर्ट दिसला. आपण खरं बोलतोय आणि समोरचे आपल्याला सांभाळून घेताहेत, हे काय असतं ते मला माहीत नव्हतं. दोन दिवसांत मी एवढासा झालो. तुझ्याशी तर मीच तसं वागलो. सख्ख्या भावाने.

दादा

९ मार्च

धाकट्या,

रात्रभर विचार करून सकाळी मला सुचलं. तुझ्या दगडाची पाठ!

मॅडमना म्हटलं, “दगड आम्ही आणला कुठून, ते तर विचारा.” त्या म्हणाल्या, कुठून? मी म्हटलं, धोबीखान्याची मागची पायरी. तुम्ही बसला होता ना, त्याच ओट्याची. तिथे आता सिमेंटची आहे ती मी घातली. जुनी पायरी त्याच खाणीतली, रंगाला तीच, म्हणून भावाने ती निवडली. वरची बाजू भिंतीत आणि खालच्या कोऱ्या बाजूवर हरिणी. वरची बाजू कपडे धुणाऱ्यांच्या पायांनी झिजून खोलगट झालेली आहे. दारावरच्या दगडाच्या पाठीवर पाय कशाला पडतील?

त्यांनी पहिल्यांदाच माझं बोलणं वहीत लिहून घेतलं. पण दगड काढू देईनात. म्हणाल्या, काढताना फुटला तर? मागचा माझ्याच हातून फुटला होता.

तोडगा वायरमनने काढला. वॉर्डात आतल्या बाजूला दाराच्या वर जुना मीटरचा खोका आहे. तो म्हणाला, “खोका काढला की मागे चार विटा, विटा काढल्या की दगडाची पाठ. होऊन जाऊ दे. म्हाताऱ्याचं डोकं एकदा शांत होईल.” शिडीवर चढताना मला डोळा मारला. मी शिडी धरून उभा होतो. मी वाकून वाकून वर बघत होतो, शिडी डुलायला लागली. तो वरून ओरडला, “अरे, शिडी धर, हलवू नकोस! माझ्या बायकोला विधवा करतोस का?”

विटा निघाल्या. त्याने खांद्यापर्यंत हात घातला. मग हात बाहेर काढून बघितला आणि पुन्हा घातला.

“काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“खोलगट आहे,” तो म्हणाला. “गुळगुळीत. बशीसारखं.”

मॅडम चढल्या. त्यांनी हात घातला, बॅटरी धरली, फोटो काढले. खाली येऊन मला फोटो दाखवला. दोन पावलांएवढी झीज, आणि कडेला साबणाचं पांढरं अजून बसलेलं. मी म्हटलं, हीच. त्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या.

“काका, इथे पाऊल ठेवायच्या आधीपासून, दीड वर्ष मी हा वॉर्ड वाचवायला भांडतेय.”

मी म्हटलं, माहीत आहे.

“तुम्ही गप्प बसला असता तर मला चाललं असतं.”

“मलाही चाललं असतं मॅडम. एकतीस वर्षं चाललंच की.”

त्या उठून निघून गेल्या. टेपसुद्धा विसरल्या. वायरमन खाली उतरला, हात पुसत राहिला. मग म्हणाला, “सुतळीला मी काय काय बोललोय रे.” मी म्हटलं, मी जास्त बोललोय. तो म्हणाला, “ते आहेच. पण तू भाऊ आहेस, तुझं तू बघ. मी माझं म्हणतोय.” त्याने तुला नमस्कार सांगितला आहे. लिही म्हणाला, म्हणून लिहिलं.

आज चार दिवस झाले, मॅडम आलेल्या नाहीत. फोटो त्यांच्याकडेच आहेत. त्यांनी ते पुसून टाकले आणि माझा सहीचा कागद तसाच पुढे सरकवला, तर मी काय करणार? माझ्या तपासणीचा कागद त्यांच्याकडे आहे, म्हातारा भरकटतो असं त्या सहज म्हणू शकतात. काल मी नव्या हॉस्पिटलात केसपेपरच्या रांगेत गेलो. तिथे जुनी माणसं भेटतात. दोन नर्सबाई होत्या, पंपवाला होता, तो आता काठीने चालतो. मी रांगेतच मोठ्याने म्हटलं, “हरिणीचा दगड माझ्या धाकट्या भावाने घडवलाय. तो मंडपात खरं बोलला होता, खोटं मी बोललो.” सगळ्यांनी वळून बघितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, “आजोबा, पुढे सरका.”

पंपवाल्याची मी माफी मागितली. त्याला ऐकू येत नाही. दोनदा ओरडून मागावी लागली. तो म्हणाला, “हो, हो, मधुमेह.”

दादा

१७ मार्च

धाकट्या,

मॅडम चौदा तारखेला आल्या, यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी. मला वाटलं, टेप न्यायला आल्या. त्यांनी माझा सहीचा कागद काढला, माझ्यासमोर उभा फाडला आणि तुकडे त्यांच्याच पर्समध्ये टाकले.

वॉर्ड यादीतून गेला. फाटकाजवळच्या विहिरीचा कठडा, औषधशाळेची कमान आणि जुना जिना एवढं राहील. वॉर्ड एप्रिलमध्ये पाडतील. माझी खोली त्याच्याबरोबर जाणार. वायरमनच्या मुलाने एका गोदामावर खोली बघितली आहे, दोन जिने चढून. दोन जिने म्हणजे वर गेलो की गेलो. वायरमन स्वतः मुलाकडे जातो आहे. चार दिवसांपासून सामान बांधतो आहे आणि मला सारखी नको असलेली वस्तू देऊ करतो आहे. आज एक बिनकडीची बादली दिली. मी घेतली.

हरिणी आम्ही सोमवारी उतरवली. मीच उतरवली. मजूर दोन होते, पण कड्या मी बसवल्या. कुठल्या पाचरी ते लिहायला नको. कुठे चरा गेला नाही. आता ती अंगणात दोन ओंडक्यांवर गोणपाटाखाली आहे. नव्या हॉस्पिटलवाल्यांना ती हवी की नको हे अजून ठरत नाही. त्यांचे साहेब म्हणाले, जुनी नाही मग ठेवायची कशाला? मॅडम त्यांना म्हणाल्या, चांगली आहे म्हणून. ते विचार करतो म्हणाले.

पण एकशे बारा नंबर खोडायचा नाही असं मॅडमनी ठरवलं. आवारातल्या प्रत्येक कोरीव दगडाची नोंद करायची आहे, जुन्याची तशी नव्याची. मोठी वही त्यांनी माझ्या खाटेवर उघडली. एका पानाला एक दगड. माप, रंग, कुठे सापडला. खाली एक रकाना: ‘कोणी घडवला’. मी पानं उलटून बघितली. बाकीच्या दोनशेच्या वर पानांवर त्या रकान्यात एकच शब्द आहे, अज्ञात. कमळाची पाकळी कोरणारा अज्ञात, कमान घडवणारा अज्ञात, ज्याच्या अक्षरांवर पन्नास वर्षं भांडी घासली तोही अज्ञात.

मॅडमनी पेन माझ्याकडे दिलं. म्हणाल्या, तुम्हीच लिहा. मी म्हटलं, माझं अक्षर बरं नाही, चौथीपर्यंतचं आहे. त्या म्हणाल्या, चालेल. आधी मागच्या कागदावर दोनदा लिहून बघितलं. मग वहीत लिहिलं. तुझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. धंदा, पाथरवट. किती दिवसांत, अकरा. आडनावाचं शेवटचं अक्षर रकान्याबाहेर गेलं आहे. मॅडमना वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. वायरमन दारात उभा होता, तो म्हणाला, सुतळीचं खरं नाव हे होय!

वहीतलं ते एकच पान आहे जिथे माणसाचं नाव आहे.

त्याच्या खाली आणखी दोन जागा होत्या. जन्मसाल, मृत्युसाल. जन्मसाल मी सांगितलं. तू झालास तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, मला सगळं आठवतं. मग त्यांनी पेन तसंच धरून विचारलं, “आणि पुढचं काका? भाऊ आहेत ना?”

माझी पाच पत्रं गेली आहेत. एकही परत आलं नाही, एकाचंही उत्तर नाही. धाकटीचं कार्ड सात वर्षांपूर्वीचं, आणि त्यातही तिने तुला खोकला झाल्याचं लिहिलं होतं. ते मी आजवर तुला लिहिलं नाही, स्वतःशीही फार काढलं नाही. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. ‘माहीत नाही’ म्हणालो असतो तर खरं झालं असतं. मी म्हणालो, “आहे. ती जागा मोकळी ठेवा.”

त्यांनी ठेवली.

नवा पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे, गोदामाचा. जिन्याच्या खाली पत्रपेटी नाही, पण मी रोज अकरा वाजता खाली जाऊन थांबेन. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. माफ केलंस असंही लिहू नकोस. मी मॅडमना ‘आहे’ म्हणालो ते खोटं नाही, एवढंच कळव.

दादा